अठरा मीटरचे आंतरराष्ट्रीय मैदान

हिवाळा सुरू झाला की युरोप-अमेरिकेतील धनुर्धर मोकळी मैदाने सोडून छताखाली येतात. फ्रान्समधील नीम, अमेरिकेतील लास वेगास अशा शहरांच्या भव्य सभागृहांत जागतिक इनडोअर धनुर्विद्या मालिकेचे टप्पे पार पडतात. आपल्याकडील वृत्तपत्रांत या स्पर्धांच्या वाट्याला क्रीडापानाच्या तळाशी चार ओळी आल्या तरी पुष्कळ. क्रिकेटच्या हंगामात तेवढ्याही मिळत नाहीत. मग नांदेड आणि लातूरच्या वाचकाने या बंद सभागृहातील खेळाची दखल का घ्यावी?

त्याची कारणे तीन आहेत. पहिले, धनुर्विद्येच्या ज्या प्रकारात महाराष्ट्राची मुले आज जगज्जेती आहेत, त्या कंपाऊंड प्रकाराला २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकचे दार उघडले आहे. दुसरे, इनडोअर स्पर्धेला लागणारी जागा केवळ अठरा मीटरची असून ती मराठवाड्यातील जिल्ह्याच्या ठिकाणी सहज उपलब्ध होऊ शकते. तिसरे कारण काहीसे कटू आहे. 'आंतरराष्ट्रीय स्पर्धा' हे दोन शब्द आपल्याकडे खेळापेक्षा प्रमाणपत्रासाठी अधिक वापरले जाऊ लागले आहेत आणि त्याची किंमत प्रामाणिक खेळाडू मोजत आहेत. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या तर मराठवाड्यासाठी एक संधी आणि एक धोका असे दोन्ही स्पष्ट दिसतात.

खेळाचे स्वरूप

ऑलिम्पिकमध्ये आपण पाहतो तो रिकर्व्ह धनुष्याचा प्रकार. त्यात ७० मीटरवरील १२२ सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यावर बाण सोडतात. कंपाऊंड धनुष्याला टोकांशी चाके असतात. दोरी पूर्ण खेचल्यावर या चाकांमुळे हातावरचा ताण बराच हलका होतो आणि नेम अधिक काळ स्थिर धरता येतो. अमेरिकेतील मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना या धनुष्याचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले. मैदानी स्पर्धेत कंपाऊंडचे अंतर ५० मीटर आणि लक्ष्याचा व्यास ८० सेंटिमीटर असतो.

इनडोअर स्पर्धेत मात्र दोन्ही प्रकारांसाठी अंतर एकच, १८ मीटर. लक्ष्याचा व्यास ४० सेंटिमीटर. पात्रता फेरीत प्रत्येकाने ६० बाण सोडायचे आणि जास्तीत जास्त ६०० गुण मिळवायचे. अंतर कमी म्हणजे खेळ सोपा, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो अर्धाच खरा आहे. रिकर्व्हसाठी दहा गुणांचे वर्तुळ ४ सेंटिमीटरचे असते, तर कंपाऊंडसाठी ते अवघे २ सेंटिमीटरचे. मैदानावर ५० मीटर अंतरावरील दहा गुणांचे वर्तुळ ८ सेंटिमीटरचे असते. त्याच प्रमाणात ते १८ मीटरवर आणले तर जवळजवळ २.९ सेंटिमीटर व्हायला हवे. म्हणजे कंपाऊंड धनुर्धराला सभागृहात मैदानापेक्षाही काटेकोर नेम साधावा लागतो. वारा, पाऊस, ऊन यांपैकी कोणतीही सबब तेथे चालत नाही. बाण रेषेला नुसता स्पर्शला तरी वरचा गुण मिळतो, म्हणून सभागृहात जाड बाण वापरण्याची पद्धत आहे. त्यालाही जागतिक संघटनेने ९.३ मिलिमीटरची मर्यादा घातली आहे.

या प्रकाराचे जागतिक अजिंक्यपद १९९१ मध्ये फिनलंडमधील औलू येथे प्रथम भरले. पुढे दर दोन-तीन वर्षांनी ते होत राहिले आणि २०१८ मध्ये अमेरिकेतील यँक्टन येथे त्याची अखेरची आवृत्ती झाली. त्यानंतर जागतिक संघटनेने अजिंक्यपद थांबवून अनेक शहरांत फिरणाऱ्या मालिकेवर भर दिला. नेदरलँड्सच्या माइक श्लोसरने २०१५ च्या जानेवारीत नीम येथे ६० पैकी ६० बाण दहाच्या वर्तुळात मारून ६०० पैकी ६०० गुण मिळवले, तेव्हा या खेळाच्या इतिहासात अशी पूर्ण गुणांची कामगिरी प्रथमच नोंदली गेली. हे नाव लक्षात ठेवायला हवे. त्याची गाठ पुढे एका बुलढाणेकर तरुणाशी पडणार होती.

एकच माप, सर्वत्र सारखे

इनडोअर स्पर्धेचे खरे वैशिष्ट्य मात्र निराळेच आहे. मैदानी स्पर्धेतील गुणांची तुलना करताना वाऱ्याचा हिशेब धरावा लागतो. एका शहरात शांत सकाळी मिळालेले गुण आणि दुसऱ्या शहरात सुटलेल्या वाऱ्यात मिळालेले गुण एका तराजूत तोलता येत नाहीत. सभागृहात ही अडचण उरत नाही. अंतर तेच, लक्ष्य तेच, हवा स्थिर. त्यामुळे लातूरच्या सभागृहात नियमानुसार सोडलेले ६० बाण आणि नीमच्या सभागृहात सोडलेले ६० बाण यांची तुलना थेट होऊ शकते.

करोनाच्या काळात जगाने याचा अनुभव घेतला. २०२० मध्ये स्पर्धा बंद पडल्या तेव्हा जागतिक संघटनेने आधी मे महिन्यात निवडक खेळाडूंची दूरस्थ स्पर्धा घेतली आणि पुढे हिवाळ्यातील इनडोअर मालिकाही ऑनलाइन भरवली. धनुर्धरांनी आपापल्या गावी १८ मीटरवरून बाण सोडले, गुण संगणकावर नोंदवले आणि जागतिक क्रमवारी तयार झाली. त्या प्रयोगाला मर्यादा होत्या. समोरासमोरच्या लढतीचे दडपण त्यात नव्हते आणि गुणांच्या खरेपणाबद्दल विश्वास ठेवावा लागत होता. तरीही एक गोष्ट निर्विवादपणे सिद्ध झाली. आंतरराष्ट्रीय पातळीवर आपण नेमके कोठे आहोत, हे जाणून घेण्यासाठी या खेळात विमानाचे तिकीट अनिवार्य नाही. साठ बाण, एक कागदी लक्ष्य आणि एक निःपक्षपाती पंच एवढे पुरेसे आहे. दूरच्या, साधनांची चणचण असलेल्या प्रदेशासाठी याहून मोलाची गोष्ट दुसरी कोणती असू शकेल?

साताऱ्याने दाखविलेली वाट

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने धनुर्विद्येत जे मिळवले, ते मुंबई-पुण्याने मिळवलेले नाही, ही बाब या संदर्भात फार महत्त्वाची आहे. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमधील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९ विरुद्ध १४७ असे हरवून कंपाऊंडचे वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवले. तेव्हा ती अवघी सतरा वर्षांची होती. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने १५० पैकी १५० गुण मिळवून पुरुषांचे विजेतेपद पटकावले. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या मार्गदर्शनाखाली, उसाच्या शेतांच्या परिसरात उभारलेल्या सरावकेंद्रात घडलेले. त्याच वर्षी हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदके जिंकली. भारताने तेथे कंपाऊंडमधील पाचही सुवर्णपदके आपल्याकडे आणली.

बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने २०२३ च्या मे महिन्यात शांघाय येथील विश्वचषक टप्प्यात अंतिम लढतीत हरवले ते याच माइक श्लोसरला, १४९ विरुद्ध १४८ असे. रिकर्व्हमध्ये साताऱ्याच्या पार्थ साळुंखेने २०२३ मध्येच आयर्लंडमधील लिमरिक येथे २१ वर्षांखालील जागतिक विजेतेपद मिळवले. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि टोकियो व पॅरिस अशा दोन ऑलिम्पिकमध्ये खेळला. २०२५ मध्ये कोरियातील ग्वांगजू येथे भारताच्या पुरुष कंपाऊंड संघाने प्रथमच सांघिक जगज्जेतेपद मिळवले, त्या तिघांच्या संघात महाराष्ट्राचा प्रथमेश फुगे होता.

सातारा, बुलढाणा, नागपूर, अमरावती. या यादीत नांदेड, लातूर ही नावे अद्याप ठळकपणे येत नाहीत. शालेय स्पर्धांत लातूर विभागाचे, म्हणजे लातूर, नांदेड व धाराशिव या जिल्ह्यांचे खेळाडू धनुर्विद्येतही उतरतात. त्यांत गुणी मुले निश्चितच आहेत. परंतु शालेय स्पर्धेतून जागतिक स्पर्धेपर्यंत नेणारी जी साखळी साताऱ्यात तयार झाली, ती येथे तयार झालेली नाही. बुलढाण्याचे उदाहरण तर अगदी शेजारचे. तेथील परिस्थिती नांदेड-लातूरपेक्षा काही फार अनुकूल होती, असे म्हणता येणार नाही. तेव्हा 'मागास भाग' ही सबब येथे पुरेशी पडत नाही.

मराठवाड्याचे गुणवंत आणि स्थलांतर

मराठवाड्यात खेळाडू निपजत नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. लातूर जिल्ह्याने हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखा मल्ल दिला. याच जिल्ह्यातील काका पवार यांनी कुस्तीत अर्जुन पुरस्कार मिळवला आणि पुढे पुण्यात कात्रज परिसरात तालीम उभी करून अनेक मल्ल घडवले. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर स्टीपलचेसकडे वळला आणि हांगझोऊत सुवर्णपदक जिंकून आला. नांदेड जिल्ह्याची भाग्यश्री जाधव २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्यात सुमित अंतिलसह भारताची ध्वजधारक होती.

या नामावलीतून अभिमान वाटावा हे खरे. पण तिच्यातून एक खंतही डोकावते. गुणवत्ता येथे जन्मते आणि घडण्यासाठी तिला बाहेर जावे लागते. कुस्तीसाठी पुणे-कोल्हापूर, धावण्यासाठी सैन्य. ज्याला बाहेर जाणे परवडत नाही, विशेषतः ज्या मुलीला घरचे परगावी पाठवत नाहीत, तिचा खेळ दहावीलाच संपतो. म्हणून जो खेळ जिल्ह्याच्या ठिकाणी राहून आंतरराष्ट्रीय मापाने खेळता येतो, त्याचे महत्त्व मराठवाड्याला इतरांहून अधिक आहे.

नांदेडला तर या विद्येची ऐतिहासिक खूणही आहे. गुरू गोविंदसिंहजींनी १७०८ मध्ये येथेच देह ठेवला आणि सचखंड हुजूर साहिब येथे त्यांची म्हणून जी शस्त्रे श्रद्धेने जतन केली जातात, त्यांत धनुष्य-बाणही आहेत. जिल्ह्याच्या उत्तरेला किनवट-माहूरच्या डोंगराळ पट्ट्यात गोंड, कोलाम, आंध समाजाच्या वस्त्या आहेत. आदिवासी म्हणजे जन्मजात तिरंदाज, हे आपल्याकडील आवडते गृहीतक. राजस्थानातील लिंबाराम यांच्या पराक्रमाचा दाखलाही लगेच दिला जातो. परंतु लिंबाराम यांना पुढे आणले ते भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या योजनेने, आणि झारखंडच्या दीपिका कुमारीच्या मागे जमशेदपूरची टाटा अकादमी उभी होती. परंपरेचे कौतुक करून भागत नाही. किनवटच्या आश्रमशाळेत प्रशिक्षक, धनुष्य आणि नियमित स्पर्धा पोहोचली तरच त्या कौतुकाला काही अर्थ राहील.

जागेचा हिशेब

आता जागेचा प्रश्न. मैदानी धनुर्विद्येसाठी ७० मीटर अंतर, लक्ष्यामागे सुरक्षित मोकळी जागा आणि दोन्ही बाजूंना अंतर असे प्रशस्त मैदान लागते. वाढत्या शहरांत ते मिळणे कठीण. शिवाय नांदेड-लातूरचा उन्हाळा असा की एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि सकाळी नऊनंतर मैदानावर उभे राहणे नकोसे होते. पावसाळ्यात मैदान चिखलाचे. परीक्षांचे महिने वगळले तर सरावाला उरतात किती दिवस?

इनडोअर सरावाला १८ मीटर अंतर, धनुर्धरांमागे काही जागा आणि लक्ष्यामागे जाळी व भिंत, असे मिळून सुमारे २५ ते ३० मीटर लांबी पुरते. बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. एका धनुर्धराला किमान ८० सेंटिमीटर जागा धरली, तर तेवढ्या रुंदीत अठरा जण एका वेळी नेम धरू शकतात. बॅडमिंटनची चार कोर्ट शेजारी-शेजारी असलेल्या सभागृहाची नुसती कोर्टांची रुंदीच २४ मीटरहून अधिक भरते. अशी सभागृहे क्रीडा संकुलांत असतात, महाविद्यालयांत असतात. ती नसतील तेथे मोठे मंगल कार्यालय किंवा बाजार समितीचे रिकामे गोदामही लग्नसराई व हंगाम वगळता उपयोगी पडू शकेल. अट एकच, सुरक्षिततेत तडजोड नको. सर्वांनी एकाच रेषेवरून बाण सोडायचे, पंचाच्या इशाऱ्याशिवाय कोणी पुढे जायचे नाही आणि लक्ष्याकडील दारे कुलूपबंद ठेवायची. हे नियम पाळले गेले तर हा खेळ सुरक्षित आहे. न पाळल्यास धनुष्य हे शस्त्र आहे, याचा विसर पडू देता कामा नये.

सपाट फरशीचे सभागृह दिव्यांग खेळाडूंसाठीही सोयीचे असते. जम्मू-काश्मीरच्या शीतल देवीने दोन्ही हात नसताना पायाने कंपाऊंड धनुष्य खेचून २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमारसह कांस्यपदक मिळवले आणि २०२५ मध्ये जगज्जेतेपद पटकावले. राकेश कुमार चाकाच्या खुर्चीत बसून खेळतो. चिखलाच्या मैदानावर त्या खुर्चीचे काय होईल, याची कल्पना केली की सभागृहाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

'लातूर पॅटर्न' आणि वेळेचे गणित

लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांची आजची ओळख शिक्षणाची आहे. 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने राज्यभरातून विद्यार्थी येतात आणि अकरावी-बारावीची दोन वर्षे शिकवणी, सराव परीक्षा आणि खोली या त्रिकोणात काढतात. या वातावरणात खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे पालकांना वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही. वैद्यकीय प्रवेशाची स्पर्धा इतकी तीव्र आहे की एकेका गुणासाठी झगडावे लागते.

पण याच पद्धतीचे मर्म काय आहे? ठरावीक अभ्यासक्रम, त्याची पुनःपुन्हा उजळणी, दर आठवड्याला चाचणी आणि प्रत्येक चाचणीनंतर चुकांची छाननी. धनुर्विद्येचे मर्मही तेच आहे. एकच कृती हजारो वेळा जशीच्या तशी करणे, प्रत्येक बाणाचा गुण लिहून ठेवणे आणि साठ बाणांच्या चाचणीत आपण कोठे घसरलो हे पाहणे. शिस्तबद्ध उजळणीची सवय ज्या शहरांच्या अंगवळणी पडली आहे, त्यांनी हा खेळ परका मानण्याचे कारण नाही. शिकवणीच्या परिसरातच सभागृह असेल तर दिवसातला तास-दीड तास पुरतो. अर्थात, पदकाच्या ईर्ष्येने खेळणाऱ्याला तेवढ्यावर भागणार नाही. मात्र प्रारंभ तरी होईल आणि बारावीच्या दोन वर्षांत हातातून सुटणारे धनुष्य सुटणार नाही.

खर्च आणि प्रशिक्षकाचा प्रश्न

या चित्रातील अडचणी झाकून ठेवणे योग्य नव्हे. सर्वांत मोठी अडचण पैशाची. आपल्याकडे बहुतेक मुले प्रारंभ करतात तो 'इंडियन राऊंड'मध्ये, म्हणजे बांबूच्या साध्या धनुष्याने. ते परवडते, परंतु जागतिक स्पर्धांत हा प्रकार नाही. तेथून कंपाऊंडकडे वळायचे तर बाण, दुर्बिणीसारखी भिंग, संतुलनदांड्या अशा सर्व साहित्यासह खर्च दोन-तीन लाखांच्या घरात सहज जातो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या किंवा छोट्या नोकरदाराच्या घरात ही रक्कम कोठून यायची? अनेक गुणी मुलांची वाटचाल नेमकी याच वळणावर थांबते. जिल्हा पातळीवर साहित्याची एक सामायिक पेढी असावी, नेमून दिलेले गुण मिळवणाऱ्या खेळाडूला तिच्यातून धनुष्य वापरायला मिळावे आणि तो पुढे गेल्यावर ते पुढच्याच्या हाती जावे, अशी व्यवस्था झाल्यास थोड्या निधीत अनेकांची सोय होईल.

दुसरी अडचण प्रशिक्षकाची. साताऱ्याचे यश इमारतीचे नाही, वर्षानुवर्षे एका जागी टिकून राहिलेल्या प्रशिक्षकाचे आहे. राज्य शासनाच्या 'मिशन लक्ष्यवेध' योजनेत निवडलेल्या खेळांत धनुर्विद्येचा समावेश आहे. तिचा लाभ पुण्यातील केंद्रांपुरता न राहता लातूर विभागापर्यंत यावा, यासाठी येथील लोकप्रतिनिधींनी आग्रह धरायला हवा. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चारही जिल्हे येतात. विद्यापीठाने मनावर घेतले तर आंतरमहाविद्यालयीन इनडोअर स्पर्धा हा अवघड उपक्रम नव्हे.

तिसरा आक्षेप तांत्रिक आहे. ऑलिम्पिकमध्ये इनडोअर प्रकार नाही. लॉस एंजलिसलाही कंपाऊंडची मिश्र दुहेरी मैदानावरच होईल. मग सभागृहात सराव करून काय साधणार? आक्षेप योग्य आहे. वाऱ्याशी झुंजायला मैदानच लागते आणि अखेर नांदेड-लातूरच्या मुलांनाही ५० मीटरचे मैदान द्यावे लागेल. परंतु उभे राहण्याची ढब, दोरी सोडण्याची एकसारखी पद्धत आणि दडपणाखालचा संयम या गोष्टी १८ मीटरवर पक्क्या होतात. युरोपातील अव्वल धनुर्धर हिवाळाभर तेच करतात. त्यांचा हिवाळा सभागृहात जातो. आपला उन्हाळा आणि पावसाळा जायला काय हरकत आहे?

प्रमाणपत्रांचा बाजार

आता त्या कटू कारणाकडे वळू. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या खेळाडू विद्यार्थ्यांना २५ पर्यंत सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ही तरतूद रास्त आहे. खेळासाठी घालवलेल्या वर्षांची ती भरपाई आहे. मात्र जेथे गुण आणि नोकरी, तेथे बाजारही आलाच. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाच्या बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आली, तेव्हा सर्वाधिक नुकसान झाले ते खऱ्या खेळाडूंचे. त्यांच्या हक्काच्या जागा गेल्या आणि त्यांच्या खऱ्या प्रमाणपत्रांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

अपरिचित खेळ आणि भपकेबाज नावाच्या संघटना यांची जोडी जमली की पालकांची फसगत होते. शेजारच्या देशात तीन दिवसांची सहल, चार-सहा संघ, मोजकेच स्पर्धक, प्रत्येकाच्या गळ्यात पदक आणि गावी परतल्यावर चौकात फलक. खर्च सारा पालकांचा. पुढे नोकरीच्या वेळी प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि ती स्पर्धा मान्यताप्राप्त यादीत नसल्याचे कळते. तोवर मुलाची उमेदीची वर्षे गेलेली असतात. इनडोअर धनुर्विद्या हा आपल्याकडे नवखा प्रकार असल्याने तो अशा व्यवहाराला बळी पडण्याची भीती अधिक आहे.

अधिकृत संघटना असली म्हणजे सारे आलबेल असते, असेही नाही. भारतीय धनुर्विद्या संघटनेतील गटबाजीमुळे जागतिक संघटनेने २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिला निलंबित केले. त्या वर्षी बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय खेळाडूंना तिरंग्याऐवजी जागतिक संघटनेच्या ध्वजाखाली खेळावे लागले. २०२० च्या जानेवारीत ती बंदी सशर्त उठली. संघटकांच्या भांडणात खेळाडूच्या छातीवरचा देश पुसला जातो, हा धडा तेव्हा मिळाला. २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळाची तरतूद केली आहे. तिची अंमलबजावणी काटेकोर झाली तर जिल्ह्या-जिल्ह्यांतील समांतर संघटनांचा गोंधळ काही प्रमाणात आवरेल. मात्र कायदा आपल्या दारापर्यंत पोहोचेपर्यंत पालकांनी स्वतः तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. ही स्पर्धा जागतिक व भारतीय संघटनेच्या अधिकृत कार्यक्रमात आहे काय? शासनाच्या नियमांनुसार तिचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते काय? आणि आपल्या मुलाचे गुण किती?

गुण हाच दाखला

यातील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि इनडोअर धनुर्विद्येत त्याचे उत्तर लपवता येत नाही. पदक कोणी कोठेही वाटू शकेल. साठ बाणांचे गुण मात्र बोलतात. ज्या 'आंतरराष्ट्रीय' विजेत्याचे कंपाऊंडचे गुण ६०० पैकी ५०० च्या आसपास आहेत, तो पूर्ण गुणांच्या जवळ खेळणाऱ्या जगापासून किती दूर आहे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. उलट एखाद्या ग्रामीण मुलीचे गुण ५८० च्या पुढे जात असतील, तर ती कोणत्याही विमानात बसलेली नसली तरी तिच्याकडे लक्ष गेले पाहिजे.

म्हणूनच नांदेड आणि लातूरने प्रारंभ करावा तो एका साध्या उपक्रमाने. दोन्ही शहरांत सुमारे दीडशे किलोमीटरचे अंतर आहे. दर महिन्याच्या एका रविवारी दोन्हीकडे, त्याच नियमांनी, साठ बाणांची स्पर्धा घ्यावी. नांदेडचे पंच लातूरला आणि लातूरचे पंच नांदेडला जावेत. गुण त्याच संध्याकाळी जाहीर व्हावेत आणि त्यांच्या शेजारी त्या हंगामातील जागतिक मालिकेतील गुणही छापले जावेत. किनवट, मुखेड, उदगीर, निलंगा येथील मुलांचा प्रवासखर्च जिल्हा क्रीडा विभागाने उचलावा. साहित्याच्या पेढीतील धनुष्य कोणाला द्यायचे, बाहेरच्या स्पर्धेला कोणाला पाठवायचे, याचा निर्णय केवळ या गुणांवर व्हावा. ओळख, शिफारस, देणगी यांना त्यात जागा राहणार नाही. यासाठी नवे संकुल, नवी घोषणा किंवा कोनशिला यांपैकी कशाचीच गरज नाही.

भारताला धनुर्विद्येत आजवर ऑलिम्पिक पदक मिळालेले नाही. पॅरिसमध्ये धीरज बोम्मदेवरा आणि अंकिता भकत ही मिश्र जोडी चौथ्या क्रमांकापर्यंत येऊन थांबली. लॉस एंजलिसमध्ये कंपाऊंडच्या समावेशाने ही उणीव भरून निघण्याची आशा प्रथमच ठोस झाली आहे. २०२८ चा संघ बहुधा आज नावारूपाला आलेल्या खेळाडूंमधूनच निवडला जाईल. नांदेड-लातूरच्या मुलांसाठी ती स्पर्धा फार लवकर येत आहे. परंतु त्या पुढच्या ऑलिम्पिकसाठी आज तेरा-चौदा वर्षांची असलेली मुले तयार व्हायची असतील, तर त्यांच्या हाती धनुष्य आताच पडायला हवे. ती मुले आपल्याकडे आहेत, सभागृहेही आहेत. आपले गुण जगाच्या गुणांशेजारी मांडण्याची तयारी तेवढी दाखवायची आहे.